गोव्यात जुनी उघडी स्पोर्ट्स कार घेताना: आधी पाणी बघा, मग इंजिन

दोन सीटांची, हलकी, टप मागे पाडून चालवायची गाडी बघायला गेलेला माणूस बहुतेक वेळा आधी बॉनेट उघडतो. इंजिन चालू करायला सांगतो, कान देऊन ऐकतो आणि तिथेच अर्धा निर्णय करून टाकतो. गोव्यात हा क्रम उलटा करायला हवा. इंजिन बिघडलं तर ते उतरवता येतं, बोअर करता येतं, दुसरं आणून बसवता येतं. पण दाराखालचा पत्रा आतून सडला असेल तर त्या गाडीचा कणाच गेलेला असतो. तो नीट जोडायला लागणारे पैसे बऱ्याचदा गाडीच्या किमतीच्या वर जातात. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, वर खारं वारं आहे आणि तांबड्या मातीचा चिखल आहे. अशा ठिकाणी उघड्या गाडीत पाणी कुठून शिरतं, कुठे साचतं आणि कुठून बाहेर पडतं, हे तीन प्रश्न सुटले की गाडी घ्यायची की सोडायची ते बहुतेक ठरतं.

बाजारात येतं काय

आधी एक गैरसमज काढू. जाहिरातीत 'कन्व्हर्टिबल' लिहिलेल्या गाड्यांत काही चक्क टप कापलेल्या असतात: जुनी हॅचबॅक घ्यायची, कटरने वरचा भाग उडवायचा, रेक्झिनचं हूड शिवायचं. अशी गाडी बघायलाही जाऊ नका. बंद गाडीची बरीचशी ताकद तिच्या टपात आणि खांबांत असते. ते कापल्यावर गाडी मध्यातून वाकते, दारं अडकतात आणि धडक बसली तर वाचवायला काही उरत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने बनवलेल्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये हे स्पष्ट केलं आहे. आरसीवर 'सलून' किंवा 'हॅचबॅक' आणि समोर उघडी गाडी, असं दिसलं की विषय संपला.

खऱ्या हलक्या उघड्या गाड्या आपल्याकडे मोजक्याच. भारतात बनलेली म्हणाल तर सॅन स्टॉर्म. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आलेली ही दोन सीटांची गाडी, तिची बॉडी फायबरग्लासची आणि इंजिन रेनॉचं 1149 सीसीचं. वेगाची गाडी ती नव्हे, पण वजन कमी असल्यामुळे चालवायला हलकी आणि गोव्याच्या अरुंद रस्त्यांना शोभणारी. जगभर या जातीची सगळ्यात प्रसिद्ध गाडी माझ्दा एमएक्स-5. ती 1989 मध्ये आली आणि पहिल्या पिढीचं वजन हजार किलोच्या आत होतं. माझ्दाने भारतात आपल्या नावाने मोटारी कधी विकल्या नाहीत, त्यामुळे इथे दिसते ती प्रत्येक एमएक्स-5 कुणीतरी बाहेरून आणलेली. म्हणजे तिची कागदपत्रं पत्र्याइतकीच तपासावी लागतात.

मग बीएमडब्ल्यू झेड फोर, मर्सिडीज एसएलके, पोर्शे बॉक्स्टर. गाड्या सुंदर आहेत, पण हलक्या म्हणता येणार नाहीत. घडी होणाऱ्या पत्र्याच्या टपाची झेड फोर दीड टनाच्या आसपास जाते. त्यांचा उल्लेख करायचा तो एवढ्यासाठी की पाण्याची गोष्ट त्यांनाही तितकीच लागू आहे, आणि त्यांच्यात पाणी शिरलं तर खर्च कितीतरी जास्त येतो. पन्नास वर्षांवरची एमजी किंवा ट्रायम्फ मिळाली तर तो वेगळा छंद आहे. कागदांच्या भागात त्याबद्दल थोडं सांगितलं आहे.

कधी आणि काय घेऊन जायचं

शक्य असेल तर गाडी जुलैत बघा. उन्हाळ्यात बघितलेली उघडी गाडी अर्धीच बघून होते. कोरड्या दिवसांत गालिचे सुकलेले असतात, वास उडालेला असतो आणि नळ्या तुंबलेल्या असल्या तरी कळत नाही. पाऊस संपल्यावर बघायची वेळ आली तर बागेचा पाइप वापरायला मिळेल अशीच जागा ठरवा. मालकाला आधीच दोन गोष्टी सांगून ठेवा: गाडी धुऊन ठेवू नका आणि आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर थंड इंजिनाची परीक्षा हुकली, दुसऱ्या दिवशी सकाळी परत या.

सोबत चांगली बॅटरी (टॉर्च), मऊ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक, बोथट स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर, दोन लिटर पाण्याची बाटली, जुनी वर्तमानपत्रं आणि पेन्सिल-कागद. 2000 नंतरची गाडी असेल तर ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकात नोंदलेले दोष वाचणारं यंत्र. खालच्या पत्र्याची तपासणी वॉशिंग सेंटरच्या किंवा गॅरेजच्या रॅम्पवर करायची असते, तेव्हा जवळच्या रॅम्पवाल्याला आधीच विचारून ठेवा. गाडी खालून दाखवायला जो मालक तयार नाही, त्याच्या गाडीवर पुढे वेळ घालवू नका.

दार उघडल्यावर पहिलं काम नाकाचं. काचा बंद ठेवून पाच मिनिटं आत बसा. ओल्या गोणपाटाचा वास येत असेल तर पाणी आत आहे. अत्तराच्या बाटलीचा भपकारा येत असेल तर तो वास कुणीतरी लपवतोय.

कापडी टप

टप बंद असताना त्यावर हात फिरवा. रेक्झिनसारखा विनाइलचा असेल तर घडीच्या रेषेवर तडे बघा. आपल्या उन्हाने तो कडक होतो आणि दुमडतो त्याच जागी फाटतो. कापडी टपात तडे पडत नाहीत, पण शिलाईचा दोरा सडतो. नखाने शिवण हलकेच ओढून बघा, दोरा तुटून हातात येत असेल तर पुढच्या पावसात शिवण उसवणार. मागची खिडकी प्लास्टिकची असेल तर ती पिवळी किंवा धुरकट झालीय का आणि घडीच्या जागी चीर आहे का ते बघा. जुन्या माझ्दाची प्लास्टिकची खिडकी टप पाडण्याआधी चेन उघडून सपाट ठेवायची असते. मालक ती तशीच दुमडून टप पाडताना दिसला तर त्याने गाडी कशी वापरलीय ते तिथेच कळतं.

मग टप अर्धा उघडा आणि सांगाड्याच्या सांध्यांवर बॅटरी मारा. काचेच्या वरच्या कडेला टप जिथे लॅच होतो तिथलं रबर उचलून खालचा पत्रा बघा. तिथे रबराखाली पाणी अडकतं आणि गंज धरतो. रबर बोटांत दाबून सोडलं की लगेच फुगून यायला हवं. दाबलेलंच राहिलं तर बदलावं लागणार. ही रबरं बाहेरून मागवावी लागतात आणि महाग पडतात, तेव्हा प्रत्येकाची नोंद करून भाव करताना बाजूला काढा.

जीपचं हूड शिवणारे कारागीर गोव्यात चांगले आहेत. पण जीपचं हूड आणि स्पोर्ट्स कारचा ताणलेला टप यांत फरक असतो. ताणलेल्या टपात कापड दोन-तीन मिलिमीटरने चुकलं तरी काचेच्या कोपऱ्यावर फट राहते, आणि ऐंशीच्या वेगाला तीच फट शीळ घालते. मापात शिवलेला तयार टप मागवून जाणकाराकडून बसवून घ्यावा. इथे पैसे वाचवू नयेत असं माझं ठाम मत आहे.

नळ्या: इथेच खरा निकाल

टपावर पडलेलं सगळं पाणी बाहेर ओघळत नाही. मागच्या बाजूचं पाणी, टप घडी होऊन बसतो त्या कप्प्याकडे येतं आणि तिथल्या दोन कोपऱ्यांतल्या नळ्यांतून गाडीच्या पोटाखाली उतरतं. माझ्दाच्या पहिल्या दोन पिढ्यांत या नळ्यांची तोंडं सीटांच्या मागे, सीटबेल्टच्या खांबांच्या पायथ्याशी आहेत आणि पाणी मागच्या चाकांच्या थोडं पुढे बाहेर पडतं. नळीचं तोंड तुंबलं की पाणी कप्प्यात चढतं, कड ओलांडतं आणि दाराखालच्या लांब पोकळ पेटीत उतरतं. पेटीच्या तळाला छोटी भोकं असतात, तीही मातीने बुजलेली असली की पाणी तिथेच राहतं. बाहेरून रंग चकचकीत आणि आतून पत्रा पापडासारखा, असं होतं ते यामुळे. पहिलं भोक बहुधा मागच्या चाकाच्या कमानीच्या पुढच्या कोपऱ्यात पडतं.

गोव्यात या नळ्या बुजवणारी ठरलेली वस्तू म्हणजे सुरूच्या सुया. किनाऱ्यालगत सुरूच्या सावलीत गाडी लावली की त्या बारीक काड्या टपाच्या घडीतून थेट नळीच्या जाळीवर जाऊन बसतात. वर तांबडी धूळ पडते, पहिल्या पावसात तिचा लगदा होतो आणि नंतर तो विटेसारखा वाळतो. गावात आंब्याखाली उभी राहणारी गाडी असेल तर सुयांच्या जागी मोहोर असतो, एवढाच फरक.

तपासायचं असं. टप उभा ठेवून सीटमागचा गालिचा उचला, कोपऱ्यातलं तोंड शोधा आणि बाटलीतलं पाणी अर्धा लिटर हळूहळू ओता. दुसऱ्या माणसाने गाडीखाली बघत राहायचं. पाणी दोन-चार सेकंदांत धारेने खाली यायला हवं. थेंब थेंब येत असेल तर नळी अर्धी तुंबलीय. काहीच आलं नाही तर ओतणं थांबवा, कारण ते पाणी आता पत्र्याच्या पेटीत चाललंय. दोन्ही बाजूंना वेगवेगळं करून बघा. एक बाजू साफ आणि दुसरी बंद, असं फार वेळा असतं. खाली आलेलं पाणी गढूळ तांबडं असेल तर नळी बरेच दिवस कुणी साफ केलेली नाही.

जर्मन गाड्यांत याच चुकीची शिक्षा वेगळी मिळते. पहिल्या पिढीच्या झेड फोरमध्ये टप हलवणारी मोटर त्याच खोलगट भागात बसवलेली आहे. नळी तुंबली की मोटर पाण्यात बुडते आणि टप अर्ध्यावर अडकतो. जुन्या बॉक्स्टरमध्ये चोरीपासून वाचवणारं कंट्रोल युनिट सीटखाली जमिनीवर असतं. गालिचा भिजला की ते मरतं आणि गाडी चालूच होत नाही. म्हणून या गाड्यांत सीटखालचा गालिचा तळहाताने जोरात दाबा, वर टिश्यू पेपर ठेवून पुन्हा दाबा. वरून कोरडा वाटणारा गालिचा खालच्या फोममध्ये लिटरभर पाणी धरून ठेवू शकतो.

शेवटी पाइपची परीक्षा. दोन्ही बाजूंच्या गालिच्यांखाली वर्तमानपत्रं पसरा, टप आणि काचा बंद करा आणि दहा मिनिटं पाइपने पाणी मारा. धार पावसासारखी वरून पडू द्या, थेट रबरावर जोरात मारू नका. नंतर कागद काढून बघा, ओला डाग कुठल्या कोपऱ्यात आहे त्यावरून वाट कळते. पुढच्या कोपऱ्यात असेल तर काचेचं रबर, दाराशी असेल तर काचेची वरची कड, सीटमागे असेल तर नळी.

पत्रा

आता रॅम्प. दाराखालच्या पेटीला खालून बोथट स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा टणटणीत वाजतो, सडलेला किंवा पुट्टी भरलेला बद्द आवाज देतो. कापडातलं चुंबक फिरवा, जिथे ते धरत नाही तिथे पुट्टी आहे. खाली काळा जाड अंडरकोट नवाच मारलेला दिसला तर खूश होऊ नका. विकण्याच्या महिन्यात मारलेला अंडरकोट बहुधा काहीतरी झाकायला असतो. मालकाची परवानगी घेऊन एका कोपऱ्यात खरवडा.

जॅक लावायच्या जागा सरळ आहेत का बघा. मग ही परीक्षा करा: एका बाजूला पुढच्या जॅकच्या जागी जॅक लावून चाक जमिनीपासून दोन इंच उचला आणि त्या बाजूचं दार उघडून बंद करा. मजबूत गाडीचं दार जमिनीवर असताना जसं लागतं तसंच लागतं. दार घासलं, लॅच वर-खाली झाला किंवा दाराच्या मागची फट वर रुंद आणि खाली अरुंद झाली, तर पेट्या कमकुवत झाल्यात. टप नसलेल्या गाडीत सगळा भार याच दोन पेट्यांवर असतो. इथे नापास झालेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

दुसऱ्या पिढीच्या माझ्दात आणखी एक जागा आहे: इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी पुढे जाणाऱ्या चासीच्या दांड्या. तिथे दोन पत्रे एकावर एक आहेत, मध्ये पाणी अडकतं आणि गंज आतून बाहेर येतो. खालून फुगवटा दिसला म्हणजे आतला पत्रा गेलेला असतो. पहिल्या दोन पिढ्यांत बॅटरी डिकीत असते आणि तिला वाफ बाहेर नेणारी नळी लागते. कुणी साधी बॅटरी नळीशिवाय बसवली असेल तर ॲसिडच्या वाफेने डिकीचा तळ खाल्लेला सापडेल. बॅटरी उचलूनच बघा.

स्पेअर चाकाच्या खड्ड्यात आणि सीटच्या रुळांत बोट फिरवा. समुद्राची पांढरी बारीक रेती लागली तर गाडी वाळूवर गेलेली आहे. गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेणं बेकायदा आहे, तरी काही जण नेतात. खारी रेती पोकळ भागात एकदा गेली की ती ओल धरून ठेवते. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. शेवटच्या फूटभर पट्ट्यावर चिखलाची आडवी रेघ असेल तर गाडी पुरात बुडालेली असू शकते. 2015 ला चेन्नईत आणि 2018 ला केरळात पूर आला तेव्हा हजारो गाड्या पाण्याखाली गेल्या. बाहेरच्या राज्यातून आलेल्या गाडीत ही रेघ मुद्दाम शोधावी.

सॅन स्टॉर्म असेल तर पत्र्याचे नियम थोडे बदलतात. फायबर गंजत नाही, पण त्याखालचा लोखंडी भाग गंजतो, आणि बॉडी ठीक दिसते म्हणून तिकडे कुणी बघतच नाही. बॉडी जिथे लोखंडाला बोल्टने धरली आहे त्या जागा एकेक करून बघा. फायबरमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे दारांच्या बिजागऱ्यांभोवती, लाइटच्या कोपऱ्यांवर आणि टपाच्या लॅचजवळ येतात. रंगापुरतेच असतील तर चालतात. नखाने दाबल्यावर पृष्ठभाग हलत असेल तर आतली काचतंतूंची चटई सुटलीय.

इथे गोव्याला एक फायदा आहे. मासेमारीच्या फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे हात आपल्याकडे तयार आहेत, मांडवीच्या काठाला आणि दक्षिणेत कुटबणच्या बाजूला. चांगला होडीवाला कारागीर सुटलेला भाग घासून, मागून चटईचे दोन-तीन थर रेझिनमध्ये बसवून पक्का करतो. फक्त हे काम नोव्हेंबर ते मे या काळात करून घ्या. दमट हवेत थर नीट धरत नाही आणि वर्षभरात फुगे येतात. आणि कारागिराला आधी सांगा की जाडी होडीइतकी नको, नाहीतर दार दोन किलोंनी जड होतं आणि बिजागऱ्या लटकतात.

इंजिन, गिअर आणि बाकीचं

इंजिनाचं काम जाणकार मेकॅनिकला सोबत नेऊन होतं, म्हणून इथे लवकर आटोपतो. थंड इंजिन चालू करताना, म्हणजे गाडी रॅम्पवर नेण्याआधीच, सायलेन्सरमागे एक जण उभा ठेवा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरी गोडसर वाफ पाच मिनिटांनंतरही थांबत नसेल तर हेड गॅस्केटवर शंका. कंप्रेशन मोजून घ्या. चार सिलिंडरांत दहा टक्क्यांहून जास्त फरक नसावा. पहिल्या पिढीच्या माझ्दात थंड असताना टॅपेटची टिकटिक येते, गरम झाल्यावर ती थांबली तर घाबरायचं कारण नाही. याच गाडीच्या अगदी सुरुवातीच्या 1600 सीसी इंजिनांत क्रँकचं नाक, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याचं पुली बसते ते टोक, आखूड आहे. पुलीच्या पुढच्या भागात आठऐवजी चार खाचा दिसल्या तर ते इंजिन. चालू असताना पुली डगमगताना दिसली तर गाडी सोडून द्या. रेडिएटरची प्लास्टिकची वरची टाकी काळी असायला हवी. तपकिरी-हिरवट झाली असेल तर ती फुटायच्या बेतात आहे.

टायमिंग बेल्ट कधी बदलला ते पावतीसकट विचारा. या गाड्या वर्षाला दोन-तीन हजारच चालतात, म्हणून मालक म्हणतो, 'किलोमीटर झालेच नाहीत.' पण रबर वयाने मरतं. पावती नसेल तर बदललेलाच नाही असं धरून भावातून वजा करा.

पेट्रोलचं एक नवं प्रकरण आहे. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. 2023 आधीच्या बहुतेक गाड्यांची रबरं त्यासाठी बनलेली नाहीत. पेट्रोलच्या पाइपला हात लावून बघा, चिकट किंवा भेगाळलेला असेल तर इथेनॉल चालणारा पाइप टाकून घ्यावा लागेल. शिवाय इथेनॉल हवेतली ओल ओढतं. गाडी पावसाळाभर अर्ध्या टाकीवर उभी होती का, हे विचारा. उभी असेल तर टाकी काढून तळाचं पाणी आणि गंज बघून घेतलेला बरा.

मल्टिमीटर बॅटरीला लावा: बंद गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास, चालू गाडीत 13.8 ते 14.4. उघड्या गाडीत वायरिंगच्या जोडांवर हिरवा थर चढतो. दाराच्या काचा, हेडलाइट, हॉर्न, वायपर सगळं एकामागून एक चालवून बघा. काच हळू चढत असेल तर बहुतेक मोटर चांगली असते, जोड गंजलेले असतात.

टायरच्या कडेला चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षांवरचा टायर नक्षी शाबूत असली तरी बदलायचाच, हलक्या गाडीचा टायर झिजण्याआधी कडक होतो आणि ओल्या रस्त्यावर घसरतो.

चालवून बघताना

पणजीत असाल तर आल्तिन्होचा चढ घ्या. मध्यावर थांबून हँडब्रेक लावा, गाडी एक इंचही मागे सरकता कामा नये. तिथूनच निघताना क्लच घसरतोय का कळतं. मग मांडवीच्या पुलावर जोड येतात तिथे टप उघडा ठेवून साठच्या वेगाने जा. उघडी गाडी थोडी थरथरतेच, मागचा आरसा किंचित हलतो. पण डॅशबोर्ड आणि काचेची चौकट वेगवेगळ्या दिशेने हलताना दिसली तर मघाची जॅकची परीक्षा पुन्हा करा. मोकळ्या सरळ रस्त्यावर ब्रेक जोरात दाबून स्टिअरिंग सैल धरा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर बहुधा ब्रेकच्या कॅलिपरची पिन तांबड्या धुळीने आणि ओलीने जाम झालेली आहे. हे काम स्वस्त आहे, भाव करायला उपयोगी. गिअर दुसऱ्यात टाकताना खरखर होत असेल आणि क्लचचं पेडल वरून मऊ लागत असेल तर आधी क्लचचा खालचा सिलिंडर गळतोय का बघा. माझ्दाचा हा नेहमीचा आजार आहे.

कागद

आरसीवरचा चासी नंबर आणि गाडीवर कोरलेला नंबर पेन्सिलने कागदावर घासून जुळवा. फोटोवर विश्वास ठेवू नका. सरकारी वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून कर्ज, दंड, विमा आणि वैधता बघा. खासगी गाडीची पहिली नोंदणी 15 वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी फॉर्म 25 भरून आणि गाडी दाखवून नूतनीकरण. तेरा-चौदा वर्षांची गाडी घेताना हे काम तुमच्या अंगावर येणार, हे लक्षात ठेवून भाव करा.

गोव्यातली गाडी गोव्यात घेताना नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30. परराज्यातली असेल तर फॉर्म 28 ची एनओसी आधी हातात घ्या आणि बारा महिन्यांच्या आत इथला नंबर घ्या. इथला रस्ता कर नव्याने भरावा लागतो, तो आरटीओत विचारूनच सौदा पक्का करा. कर्ज होतं तर त्याची नोंद आरसीवरून काढायला बँकेचं पत्र आणि फॉर्म 35. काळ्या पाटीवर पिवळा नंबर असेल तर ती भाड्याने दिलेली गाडी. ती खासगी करून देण्याची जबाबदारी विकणाऱ्याची, आणि ते झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

बाहेरून आलेल्या गाडीचं कस्टमचं मूळ बिल ऑफ एन्ट्री (आयातीचा कागद) बघायलाच हवं. त्यातला चासी नंबर जुळला पाहिजे. पर्यटक कार्नेवर (तात्पुरत्या आयातीच्या कागदावर) आणतात त्या गाड्या इथे विकायच्या नसतात. 'कागद नंतर देतो' म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा.

पन्नास वर्षांवरची गाडी असेल तर 2021 च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी होते. नंबरात 'व्हीए' येतं आणि नोंदणी दहा वर्षांची असते. ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. जुन्या 'जीडी' पाटीची (गोवा, दमण, दीव एकत्र असतानाची) गाडी मिळाली तर मूळ आरसी पुस्तक जपून मागून घ्या.

विमा नाव बदलल्यापासून 14 दिवसांत आपल्या नावावर करा. डिलिव्हरीच्या कागदावर तारखेबरोबर वेळही लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या. आधीच्या तासाभरात कॅमेऱ्याने टिपलेला दंड कुणाचा, हा वाद त्यामुळे टळतो.

घरी आणल्यावर पहिलं काम

पॉलिशच्या आधी नळ्या. गवत कापायच्या मशीनची दोन-अडीच मिलिमीटरची नायलॉन तार दीड मीटर कापून घ्या, टोक लायटरने वितळवून गोल करा आणि वरून हळूहळू फिरवत आत सोडा. अडली तर ढकलू नका, मागे घ्या, थोडं कोमट पाणी ओता आणि पुन्हा फिरवा. वॉशिंग सेंटरवाला हवेचा पाइप लावून देतो म्हणाला तर स्पष्ट नाही म्हणा. दाबाने नळी आतल्या जोडातून निसटते, मग पाणी नळीत शिरताना दिसतं पण पत्र्याच्या पेटीत पडतं, आणि ते बाहेरून कुणालाच कळत नाही. तार खाली बाहेर आली की लिटरभर पाणी सोडा, पेटीच्या तळाची भोकंही खिळ्याने मोकळी करा. मृगाच्या आधी एकदा, श्रावणात एकदा आणि गाडी सुरूखाली उभी राहत असेल तर दर महिन्याला हे करायचं.